आजार सांगावा, पण कुणाला आणि किती?

पत्र : ताई, मी 27 वर्षांचा असून सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मागच्या वर्षी माझ्या उजव्या वृषणाला गाठ लागली. ती दुखत नव्हती आणि दाखवायची लाजही वाटली, म्हणून सात महिने मी कुणाजवळ बोललो नाही. पुढे कर्करोगाचे निदान झाले, शस्त्रक्रिया आणि केमो झाले, आणि आता तपासण्या चांगल्या येत आहेत. आमच्या गणेश मंडळाने यंदा डीजे न लावता ते पैसे कर्करुग्णांसाठी द्यायचे ठरवले आहे. मी स्टेजवर माझा अनुभव सांगावा, असा मित्रांचा आग्रह आहे. वडील मात्र म्हणतात, ‘हे चारचौघांत बोललास तर शोभा होईल आणि लग्न जमणार नाही.’ मी काय करावे?

उत्तर : आधी वडिलांविषयी लिहिते, कारण तुमचे पत्र मंडळाविषयी असले तरी तुमची खरी घालमेल घरातच चालू आहे. मुलाच्या आजारपणात वर्षभर दवाखान्यांचे जिने चढलेल्या माणसाला आता त्याचा संसार उभा राहिलेला पाहायचा आहे, आणि त्यात कुणी विघ्न आणू नये एवढेच त्यांना वाटते. त्यांच्या भीतीला आधार नाही असे मी म्हणणार नाही. स्थळे पाहताना आपल्याकडे काय काय चौकशा होतात, हे मला ठाऊक आहे. परंतु ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहेत. जिच्याशी लग्न ठरेल तिला हा आजार आणि त्याचे उपचार लग्नाआधी, स्पष्टपणे आणि तुमच्या स्वतःच्या तोंडून कळले पाहिजेत. ते तुमचे कर्तव्य आहे आणि त्यात मी कोणतीही सूट देणार नाही. मांडवात जमलेल्या चारशे माणसांना ते सांगणे हे मात्र कर्तव्य नव्हे. ते तुमच्या इच्छेवर आहे, आणि मित्रांच्या आग्रहाखातर तर ते मुळीच करू नका.

एक वृषण काढले म्हणजे पुरुषत्व गेले, हा समज तुमच्या घरातही असण्याची शक्यता आहे. उरलेले एक वृषण निरोगी असेल तर पुरुष संप्रेरक बहुतेकांना पुरेसे मिळते आणि वैवाहिक जीवनात बाधा येत नाही. केमोनंतर शुक्राणूंची संख्या घटते, पण अनेकांच्या बाबतीत ती काही वर्षांत पुन्हा वाढते. उपचारांपूर्वी तुमचे शुक्राणू गोठवून ठेवले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ठेवले असतील तर चिंता आणखी कमी, नसतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वीर्यतपासणी करून घ्या, म्हणजे होणाऱ्या पत्नीला मोघम दिलासा देण्याऐवजी खरी माहिती देता येईल.

आता बोलण्याविषयी. तुमच्या गावात तालीम असेलच. स्टेज, माइक आणि आयाबहिणींची गर्दी सोडून द्या आणि एखाद्या संध्याकाळी तालमीत पंधरा ते तिशीतल्या वीस-पंचवीस पोरांसमोर बसा, कारण हा रोग मुख्यतः त्याच वयात गाठतो आणि लाजेचे वयही तेच असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञांना सोबत बोलवा. वैद्यकीय भाग ते सांगतील. तुम्ही फक्त ते सात महिने सांगा. बोलावेसे वाटले नाही तर डॉक्टरांशेजारी नुसते बसलात तरी चालेल.

पोरांना घाबरवू नका. हा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे, आणि त्या तालमीतल्या पोरांना मावा-गुटख्यापासून असलेला धोका याहून कितीतरी मोठा आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. त्यांना एवढे समजले तरी पुरे की गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहता येते, एक बाजू किंचित मोठी किंवा खाली असणे स्वाभाविक असते, मागच्या बाजूला लागणारी मऊ दोरीसारखी नळीही नेहमीचीच असते. परंतु वृषणालाच कडक गाठ लागली, जडपणा आला किंवा सूज चढली, तर ती दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवावी. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा गैरसमजच तुम्हाला भोवला. ‘अंडवृद्धी असेल’ म्हणून अनेकजण दिवस काढतात, वास्तविक सोनोग्राफी आणि रक्ताच्या काही चाचण्या यांवरून बरेचसे कळते. लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरले नव्हते त्यांना धोका अधिक असतो, तेव्हा त्यांनी विशेष जागरूक राहावे.

त्यांना युवराज सिंगची आठवण करून द्या. 2011 च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेल्या या खेळाडूवर 2012 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे केमो झाले. त्याची गाठ दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती, वृषणात नव्हती, परंतु ती याच जातीच्या पेशींची होती. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी 1974 मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरून पाहिले, आणि शरीरभर पसरल्यावर बहुधा जीव घेणारा वृषणाचा कर्करोग त्यानंतर बरा होणारा रोग ठरला. आज वेळेवर आलेले शंभरातले पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. युवराज त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला आणि आजाराविषयी उघडपणे बोलला.

मंडळाच्या पैशांविषयी माझे मत ठाम आहे : मोठा धनादेश आणि त्याचा फोटो यांपेक्षा तुमच्याच तालुक्यातून परळला टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे शोधा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा भार हलका होतो, पण सोबतच्या माणसाचे जेवणखाण, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या मुलांचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांच्या राहण्याची सोय करतात. तिथे काय हवे आहे, ते विचारून मग द्या. एखाद्या तरुण रुग्णाचे शुक्राणू गोठवून ठेवण्याचा खर्च मंडळाने उचलला, तर मला विशेष आनंद होईल. मंडळ नोंदणीकृत नसेल, तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या आणि जमाखर्च फलकावर लावा.

शेवटी पुन्हा वडिलांकडे येते. तुमच्या पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि बाहेर बाकावर बसवू नका. लग्नाविषयीचा त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या आणि उत्तर त्यांच्या कानांनी ऐकू द्या. तालमीतल्या बैठकीचा विषय त्यानंतर, परतीच्या एसटीत काढा.