एखादा शोध जगाच्या इतिहासात महत्त्वाचा का ठरतो?

आधी 'पहिला कोण' हे डोक्यातून काढा. छपाईचंच बघा. चीनमध्ये बी शेंगने १०४०च्या सुमारास मातीचे सुटे खिळे (म्हणजे एकेका अक्षराचे छापायचे ठसे) केले, कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी पुस्तक छापलं. तरी नाव होतं जर्मनीतल्या गुटेनबर्ग या मुद्रकाचं, तो तर १४५०च्या आसपासचा.

आमच्या सांगली जिल्ह्यातली मिरज घ्या (हो, सतारींचीच). १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने इथे भगवद्गीता छापली, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरून. काम मेहनतीचं, पण एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानाला कुचकामी. गुटेनबर्गचे खिळे पान छापून झालं की सोडवायचे, त्यांनीच पुढचं पान जुळवायचं. म्हणून १५०० पर्यंत युरोपात दोनशेहून जास्त गावांत छापखाने निघाले. १५१७ मध्ये जर्मन धर्मगुरू ल्यूथर चर्चच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा त्याचं म्हणणं घरोघर न्यायला यंत्र तयारच होतं.

थोडक्यात, दुसऱ्यांना ती गोष्ट उचलता आली का आणि तिने भलत्याच क्षेत्रात उलथापालथ केली का, हे मी बघतो. साम्राज्यांचंही तेच. नकाशावरच्या आकाराला भुलू नका. रोम पडून दीड हजार वर्षं झाली, पण त्याची लिपी तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डवर आहेच.