अँटिनस चौथ्या भागात भेटतो

«ताई, लहानपणापासून मला भुताखेतांच्या गोष्टी, जादूची राज्यं आणि जुन्या काळातल्या कादंबऱ्या यांचंच वेड. दोन वर्षांपूर्वी आपण लेस्बियन आहोत हे मी स्वतःशी कबूल केलं आणि तेव्हापासून याच प्रकारांत माझ्यासारखी माणसं शोधतेय. पण काहीही टाइप केलं की समोर नुसते रोमान्स. ‘कार्मिला’ वाचली, तर शेवटी तिच्या छातीत खुंटी ठोकली. सम्राट हेड्रियनवरची ती नावाजलेली कादंबरी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा शंभरेक पानांत सोडली. त्याच्या प्रियकराचा, अँटिनसचा, पत्ताच नाही. जवळची मैत्रीण म्हणते, भुतंराक्षस वाचून तू स्वतःपासून पळतेयस. घरात ई-बुकचं खातं सगळ्यांचं एकच, त्यामुळे काही घ्यायचीही धास्ती वाटते. माझं काही चुकतंय का?»
— वय 29

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्याचं बघू, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. तुम्ही पळत नाही आहात. समलिंगी प्रेम उघडपणे लिहिणं धोक्याचं होतं, तेव्हा लेखकांनी ते याच प्रकारांच्या आडोशाने लिहिलं. ‘कार्मिला’ 1872 ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या 25 वर्षं आधीची. एका मुलीवर जीव टाकणारी रक्तपिपासू मुलगी वाचकांना आधी भेटली, काळ्या झग्यातला काउंट नंतर आला. तुम्ही ज्या फडताळाशी उभ्या आहात, ते आपल्या माणसांचं फार जुनं फडताळ आहे.

आता ती खुंटी. ती येते पंधराव्या प्रकरणात. तिथे गोष्ट सांगणारी लॉरा, म्हणजे कार्मिलाचा जीव जिच्यावर जडला ती मुलगी, काय सांगते ते नीट बघा: ती डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही, वडिलांकडे असलेल्या सरकारी अहवालाची नक्कल समोर ठेवून सांगते. खुंटी ठोकली, डोकं उडवलं, जाळलं, राख नदीत सोडली. सगळं कोरडं, पंचनाम्यासारखं. त्यानंतर छोटंसं सोळावं प्रकरण आहे आणि त्याचं शेवटचं वाक्य लॉराचं स्वतःचं आहे: इतका काळ लोटल्यावरही ती अधूनमधून तंद्रीतून दचकते, कारण दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचं हलकं पाऊल वाजल्यासारखं वाटतं. अहवालाच्या लेखी प्रकरण मिटलं, लॉराच्या लेखी नाही. जुन्या भयकथा अशाच वाचायच्या. शिक्षा बहुतेकदा समाजाच्या तोंडी असते, ओढ निवेदकाच्या तोंडी. दोन्ही आवाज वेगळे ऐकू यायला लागले की तेच पुस्तक निराळं वाटतं.

नव्या पुस्तकांना मात्र इतकी सवलत देऊ नका. भयकथेत माणसं मरणारच, त्यामुळे ‘कोण मेलं’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. विचारायचं ते हे: ती प्रेम केलं म्हणून मेली, की इतरांसारखीच संकटात सापडली म्हणून? पहिलं असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवायला तुम्ही मोकळ्या आहात. समलिंगी पात्रांना असं मारून टाकण्याच्या खोडीचं रूढ नाव ‘बरी युअर गेज’. पुस्तकाच्या नावासोबत हे शब्द टाकून शोधा, दोन मिनिटांत कळतं. शेवट आधी फुटेल, हे खरं. पण ज्याची धास्ती आहे ते आधी कळलेलं बरं.

भयकथेत पुढचं पुस्तक म्हणून ज्युलिया आर्मफिल्ड यांची ‘अवर वाइव्ज अंडर द सी’ (2022) घ्या. लिआ खोल समुद्रातल्या मोहिमेवरून परत येते, पण परत आलेली लिआ पहिल्यासारखी नाही, हे तिच्या बायकोच्या, मिरीच्या, हळूहळू लक्षात येत जातं. प्रकरणं आलटून पालटून दोघींच्या तोंडी. पुस्तकाच्या पाच भागांना समुद्राच्या थरांची नावं आहेत, उजेडाच्या थरापासून अगदी तळापर्यंत, आणि वाचताना आपणही खाली उतरत जातो. रक्तपात फारसा नाही. भीती आहे ती जवळचं माणूस डोळ्यांदेखत हातातून निसटण्याची. मन आधीच जड असेल त्या आठवड्यात उघडू नका.

हेड्रियनचं म्हणाल, तर तिथे चूक तुमची नाही. मार्गरीत युर्सनार यांची ही कादंबरी, ‘मेमॉयर्स ऑफ हेड्रियन’ (1951), म्हणजे मरणाच्या दारातल्या सम्राटाने पुढे सम्राट होणाऱ्या तरुण मार्कसला लिहिलेलं एकच लांबलचक पत्र. संवाद जवळजवळ नाहीतच. सहा भाग आहेत आणि अँटिनस चौथ्यात भेटतो. तुम्ही दोन्ही वेळा तो यायच्या आधीच उतरलात. माझं ऐका, सरळ चौथ्या भागापासून सुरू करा. तो संपला की पहिल्याकडे वळा. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. अँटिनस इ.स. 130 मध्ये नाईलमध्ये बुडाला हे इतिहासात नोंदलेलंच आहे, त्यामुळे क्रम बदलून काही फुटत नाही. आधीचे तीन भाग मग दुःखात बुडालेल्या माणसाने लिहिल्यासारखे वाचले जातात, आणि ते तसेच लिहिलेले आहेत.

तरीही जमलं नाही, तर मेरी रेनॉल्ट यांची ‘द लास्ट ऑफ द वाइन’ (1956) घ्या. युद्धात होरपळणारं प्राचीन अथेन्स, अलेक्सियस स्वतः बोलतोय, लायसिसवरचं त्याचं प्रेम लपवायची कुणाला गरज वाटत नाही. मात्र या जगात बायका दारामागे असतात. ते खुपलं तर सेरा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ (2002). व्हिक्टोरियन काळातलं लंडन, चोरांच्या घरात वाढलेली सू, पुस्तकांच्या वाड्यात कोंडलेली मॉड. पहिला भाग सूच्या तोंडी आहे. तो संपेपर्यंत या पुस्तकाबद्दल कुठेही एक ओळ वाचू नका, मलपृष्ठसुद्धा नाही.

शोधताना रोमान्सच का येतात? दुकानातली ‘एलजीबीटी’ ही खूण फार सैल असते. नायिकेलाही ती लागते आणि तीन ओळींच्या शेजाऱ्यालाही. वर, सर्वाधिक खपणारा प्रकार आधी दिसतो. म्हणून ओळखीच्या शब्दाऐवजी आधी प्रकार टाका आणि मग त्याला बारीक चाळणी लावा. मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत ‘विषय’ या रकान्यात इंग्रजीत ‘लेस्बियन्स – फिक्शन’ लिहून सोबत ‘हॉरर फिक्शन’, ‘फँटसी फिक्शन’ किंवा ‘हिस्टॉरिकल फिक्शन’ जोडा. ही नोंद सूचीकार पुस्तकाचा मुख्य विषय पाहून करतो, त्यामुळे गाळ कमी येतो. जुन्या पुस्तकांना मात्र ती बरेचदा नसतेच. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच 1869 मध्ये छापला गेला, त्यामुळे त्याआधीच्या काळावरच्या कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावरही तो सहसा सापडत नाही. तिथे ‘जिवलग सखी’, ‘पुरुषवेशात’, ‘सोबतीण’ अशा अर्थाचे शब्द हेरा. दुसरी खाण म्हणजे एलजीबीटी साहित्याला दिले जाणारे लॅम्डा पुरस्कार, 1989 पासूनचे. त्यात विज्ञानकथा, फँटसी आणि भय यांचा एकत्र विभाग असतो. नुसता विजेता पाहू नका, चार-पाच वर्षांची अंतिम फेरीतली सगळी नावं उतरवून घ्या. खरी विविधता तिथे असते.

फँटसीत सुरुवातीलाच ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ (2019) उचलू नका. पुस्तक चांगलं आहे, पण 800 हून जास्त पानं, चार पात्रांचे चार धागे आणि नावांचं जंगल. त्याआधी एलन कुश्नर यांची ‘स्वोर्ड्सपॉइंट’ (1987) वाचा. जादू अजिबात नाही. तलवारबाज रिचर्ड आणि त्याचा तिरकस अ‍ॅलेक एकत्र राहतात, आणि त्या शहरात त्याबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. तो मोकळेपणा हीच तिथली जादू.

आता खातं. हे काम काहीही विकत घेण्याआधी करा. नवा ईमेल, त्यावर नवं खातं, आणि ते फक्त तुमच्या फोनवर. कुटुंबासोबत खरेदी वाटून घेण्याची सोय त्यात बंद ठेवा. लोकांचा घोटाळा होतो तो खरेदीत नव्हे, तिच्या मागोमाग येणाऱ्या गोष्टींत: मुखपृष्ठ दुसऱ्याच्या टॅबच्या पहिल्या पडद्यावर येतं, पावती जुन्या ईमेलवर जाते, ‘तुम्हाला हेही आवडेल’ची यादी सगळ्यांना दिसते. नमुना म्हणून फुकट उतरवलेली पहिली प्रकरणंही तिथे नोंदली जातात, हे लक्षात असू द्या.

तोवर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर खातं न उघडता वाचता येतं. ऑस्कर वाइल्डची ‘डोरियन ग्रे’ ही कादंबरी तिथे दोन रूपांत आहे: 1890 ची 13 प्रकरणांची आणि 1891 ची 20 प्रकरणांची. 13 वाली घ्या. नंतरच्या आवृत्तीत चित्रकार बेसिलचे डोरियनबद्दलचे उद्गार वाइल्डने सौम्य केले होते. ‘कार्मिला’ही तिथेच आहे. आज रात्री तिचं पंधरावं आणि सोळावं प्रकरण लागोपाठ वाचा, आणि कुठला आवाज कुणाचा ते मला कळवा.