झारशाहीतले ‘मवाळ’ कुठे गेले?

प्रश्न : सर, आमच्या वेळच्या इतिहासाच्या पुस्तकात झार गेला की लगेच लेनिन यायचा. मधे कुणीच नव्हतं का? आपल्याकडे मवाळ होते, तसे रशियात कायद्याच्या वाटेने झारला विरोध करणारे नव्हते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होते, आणि चांगले भक्कम होते. तीस वर्षं मी इतिहास शिकवला. या माणसांच्या वाट्याला पुस्तकात जेमतेम दोन ओळी यायच्या. त्याची खंत मला अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात होते ‘झेम्स्त्वो’पासून. 1864 साली निघालेल्या या स्थानिक संस्था म्हणजे साधारण आपली जुनी लोकल बोर्डं. शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याकडे. गावातला दवाखाना चालवणाऱ्याला देशाच्या कारभारातही आपल्याला विचारावं असं वाटणारच. 1894 च्या अखेरीस दुसरा निकोलस गादीवर आला, तेव्हा त्व्हेर प्रांताच्या झेम्स्त्वोने त्याला मानपत्र पाठवलं. मसुदा फ्योदोर रोदिचेव्ह यांचा. मागणी एवढीच, की कायदा अधिकाऱ्यांनीही पाळावा आणि लोकांचं म्हणणं सिंहासनापर्यंत पोहोचावं. जानेवारी 1895 मध्ये झारने भर दरबारात या अपेक्षांना ‘निरर्थक स्वप्नं’ म्हटलं. रोदिचेव्ह यांना सार्वजनिक कामाची बंदी झाली. इतकी नम्र मागणी अशी झिडकारली गेली, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

1905 च्या संपांनी झारला नमवलं. ऑक्टोबरात त्याने निवडून आलेली ड्यूमा, म्हणजे संसद, देण्याचं वचन दिलं आणि त्याच महिन्यात घटनावादी लोकशाही पक्ष, म्हणजे ‘कॅडेट’, उभा राहिला. एप्रिल 1906 मध्ये भरलेल्या पहिल्या ड्यूमात सर्वांत मोठा पक्ष त्यांचाच. अध्यक्ष सेर्गेई मुरोम्त्सेव्ह, रोमन कायद्याचे प्राध्यापक. मोठ्या जमीनदारांची जमीन मोबदला देऊन शेतकऱ्यांना द्यावी, हा कॅडेटांचा आग्रह सरकारला झोंबला आणि 72 दिवसांत ड्यूमा बरखास्त झाली. राजकीय खुनांचा निषेध करणारा ठराव मात्र कॅडेटांनी मंजूर होऊ दिला नाही. ती त्यांची चूकच, असं माझं मत आहे.

आता तुमच्या ‘मवाळ’ या शब्दाकडे येतो. ड्यूमाच्या दाराला कुलूप लागल्यावर सुमारे 200 सभासद रेल्वेने फिनलंडमधल्या व्हीबोर्गला गेले. तिथे कायदे थोडे सैल होते. बेल्व्हेडेर हॉटेलात दोन दिवस खल चालला. तेवढ्यात गव्हर्नरने बैठक आटोपायला सांगितलं आणि घाईघाईने सह्या झाल्या. आवाहन असं होतं, की ड्यूमा पुन्हा भरेपर्यंत तिजोरीत एक कोपेक (रशियन पैसा) देऊ नका, सैन्यात एक शिपाई देऊ नका. प्राध्यापक, वकील, जमीनदार अशी ही माणसं, आणि भाषा थेट करबंदीची! याला मवाळ कसं म्हणायचं?

खेड्यांतून प्रतिसाद फारसा आला नाही. ही माणसं शेतकऱ्यांसाठी भांडली, पण त्यांच्यात मिसळली नव्हती. डिसेंबर 1907 मध्ये खटला चालून 167 जणांना तीन-तीन महिन्यांची कैद झाली. त्याहून मोठा घाव म्हणजे पुन्हा निवडणूक लढवायचा हक्क गेला. एका फटक्यात पक्षाची पहिली फळी कापली गेली.

त्यांत व्लादिमिर नाबोकोव्ह होते, पुढे गाजलेल्या त्याच नावाच्या कादंबरीकाराचे वडील. ‘कार्यकारी सत्तेने विधिमंडळापुढे मान तुकवावी,’ असं ड्यूमात ठणकावणारे ते हेच. पीटर्सबर्गच्या क्रेस्ती तुरुंगातून ते बायकोला चोरून चिठ्ठ्या धाडायचे, टॉयलेट पेपरवर लिहिलेल्या. क्रांतीनंतर बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या पक्षाच्या, रशियातही त्यांना जागा उरली नाही. ते बर्लिनला गेले. 28 मार्च 1922 ला तिथे पक्षाचे नेते पावेल मिल्युकोव्ह यांचं व्याख्यान होतं. झारच्या दोन कडव्या समर्थकांनी मिल्युकोव्ह यांच्यावर गोळ्या झाडल्या. नाबोकोव्ह धावले, एकाला त्यांनी खाली दाबून धरलं, आणि दुसऱ्याच्या गोळ्यांनी ते जागीच गेले. झारला मारलं गेलं त्याला तेव्हा जवळपास चार वर्षं होत आली होती.