पाहुणे नका मोजू, बर्नर मोजा

प्रश्न: ताई नमस्कार, मागच्या महिन्यात आम्ही मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं, नुसतं जेवायला नाही, सगळ्यांनी मिळून बनवायचं असं ठरलेलं. आठ जण होतो. पिझ्झा ठरवला कारण प्रत्येकाला आपापला करता येतो ना. सगळे आल्यावर पीठ मळायला घेतलं, ते फुगतच नव्हतं, शेवटी तसंच लाटलं. मग ओव्हन एक आणि पिझ्झे आठ! पहिल्याने खाल्लं सव्वानऊला आणि शेवटच्याला मिळालं पावणेअकराला, तोवर पहिल्याला परत भूक लागलेली. काम दोघीच करत होत्या, बाकीचे ओट्याला टेकून मोबाईल बघत उभे, आणि मी आख्खी संध्याकाळ सिंकपाशी. परत करायची हौस आहे पण असं नको. नक्की काय चुकलं?

उत्तर: तुम्ही माणसं मोजलीत, आच मोजली नाहीत, बाकी काही नाही. अशा पार्टीत हातांचा तुटवडा कधीच नसतो, खोळंबा होतो तो ओव्हनच्या दाराशी. हिशोब बघा ना, घरचा ओव्हन २५० डिग्रीला ठेवला तरी एका पिझ्झ्याला ८ ते १० मिनिटं जातात, दार उघडलं की आतली उष्णता बाहेर, ती परत चढायला दोनेक मिनिटं, म्हणजे आठ पिझ्झ्यांना दीड तास नुसता भाजण्यात गेला आणि तुमचा तेवढाच गेलाय, सव्वानऊ ते पावणेअकरा!

आता पिझ्झाच करायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक, गोल पिझ्झ्याचा हट्ट सोडा आणि ओव्हनच्या मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये पीठ पसरा, दोन ट्रे एकावेळी आत जातात (मधे एकदा वरचा खाली आणि खालचा वर करायचा, नाहीतर खालच्या ट्रेवरचं चीज रंगच धरत नाही). प्रत्येकाला ट्रेचा एक चौकोन द्यायचा, त्यावर त्याला हवं ते टाकू दे. सगळ्यांचं एकदम तयार, एकदम खायला बसायचं. दुसरी वाट म्हणजे पाहुणे यायच्या आधी सगळे बेस नुसते सॉस लावून ३-४ मिनिटं अर्धवट भाजून ठेवायचे, मग संध्याकाळी टॉपिंग घालून एकेकाला ५ मिनिटं पुरतात. मला पहिली जास्त आवडते. दुसरीत मळणं-लाटणं सगळं तुम्हीच आधी करून बसता आणि लोकांना फक्त चीज भुरभुरायला उरतं, मग हाताने बनवायची मजा ती काय राहिली.

पीठ फुगलं नाही त्याचं कारण बहुतेक पाणी. ड्राय यीस्टला पाणी ३५ ते ४० डिग्री, म्हणजे बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढं कोमट. किटलीतलं उकळतं ओतलं तर यीस्ट मेलंच, साठ डिग्रीच्या आसपास ते तग धरत नाही. शंका असेल तर पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून १० मिनिटं थांबा, वर फेस आला तर जिवंत. पण मुळात पीठ आदल्या रात्रीच मळा. १ किलो मैदा, ६५० मिली पाणी, २० ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा ड्राय यीस्ट, मळून झाकून फ्रिजमध्ये. थंडीत ते हळूहळू फुगतं आणि चवही चांगली येते, फक्त लाटायच्या तासदोन तास आधी बाहेर काढायला विसरू नका. एवढ्यात आठ जणांचं निघतं, गोळा साधारण २०० ग्रॅमचा.

पण खरं सांगू का, पुढच्या वेळी डंपलिंग करा, म्हणजे मोमोसारखी, पारीत सारण भरून वाफवायची. आठ माणसं टेबलाभोवती बसून करायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, आच लागते ती एकाच मोठ्या स्टीमरला, बाकी सगळं हाताचं काम आणि तेही बसून गप्पा मारत. ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १५० मिली पाणी, घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास कोणी वाचवायला जाऊ नका, मुरलेलं नसलं की पारी लाटताना परत आक्रसते, तुम्ही लाटताय आणि ती आत येतेय. साधारण ४५ पाऱ्या होतात, आठ जणांना दुप्पट घ्या. सारणाचा कोबी बारीक चिरून मीठ लावून १५ मिनिटं ठेवायचा आणि मग पिळायचा, अगदी मुठीत धरून, पाण्याची धार लागते तेवढा. हे पाणी आत राहिलं की वाफेवर पारी ओली होऊन खालून फाटते. पारीत चहाचा एक चमचा सारण, कडेला पाण्याचं बोट फिरवायचं, मुडपून चिमटत जायचं. पहिल्या पाचसहा सगळ्यांच्याच बेढब होतात, त्याच जास्त हसवतात. ८ ते १० मिनिटं वाफ, पाणी उकळल्यावरच आत ठेवायचं.

आणि ते मोबाईलवाले. त्यांचा दोष नाही हो. पाहुणा विचारतो "काही मदत करू का", आपण सवयीने म्हणतो "नको, बस तू निवांत", आणि तो बसतो. त्याऐवजी दारात पाय ठेवल्याठेवल्या काम हातात द्या, नुसतं "कर काहीतरी" नाही, "हा अर्धा किलो कांदा, ही सुरी, हे भांडं". लाटणारे दोन, भरणारे तीन, एक स्टीमरपाशी घड्याळ घेऊन, एक धुणारा, अर्ध्या तासाने बदली. तो धुणारा तुम्ही नाही हं. ओट्यापाशी एकावेळी तीनच माणसं, बाकी सगळं जेवायच्या टेबलावर, खाली जुनी चादर टाकून.

प्रश्न: आमच्यातला एक मित्र सुरी अशी चालवतो की बघवत नाही, सांगितलं की चिडतो. त्याला चिरायला द्यायचं की नाही?

उत्तर: द्या, पण जागा तुम्ही लावून द्या. चॉपिंग बोर्डखाली ओला फडका घाला म्हणजे बोर्ड सरकत नाही, निम्मे अपघात त्या सरकण्यानेच होतात असं मला माझ्या स्वयंपाकघरावरून वाटतं. सुरी धारदार द्या, बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोराने घसरते. बोटांची टोकं आत वळवून पेरांवर सुरी टेकवायची हे त्याला शिकवू नका, त्याच्या शेजारी बसून स्वतः तसं चिरा, बघून करेल. सुरी हातातून सुटली तर पकडायला जायचं नाही, मागे सरायचं, हे मात्र सगळ्यांना एकदाच मोठ्याने सांगून टाका, कोणालाच वाईट वाटत नाही. आणि तो दुसऱ्या ग्लासावर असेल तर सुरीऐवजी लाटणं द्या.

तेलाचं काही तळणार असाल तर कढईच्या मापाचं झाकण हाताशी हवं. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद आणि झाकण वर, पाणी अजिबात नाही, पाण्याने जळतं तेल उडून सगळीकडे जातं. तसं माझं मत विचाराल तर गर्दीत तळणच नको.

प्रश्न: आमच्यात दोघं शाकाहारी, एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी. वेगळं वेगळं करायचं म्हणजे सगळी मजाच जाईल का?

उत्तर: मजा नाही जात. बोलावतानाच विचारा, दारात नको. शेंगदाणा त्या दिवशी घरात उघडायचाच नाही, "तुझ्यात नाही घातला" एवढ्यावर भागत नाही कारण तोच चमचा, तोच हात फिरत असतो, तेलाच्या आणि सॉसच्या बाटलीवरची यादी पण वाचा. मांसाहारी सारण असेल तर त्याचं बोर्ड, सुरी, वाटी वेगळी आणि शाकाहारी सगळं आधी वाफवून घ्यायचं. कच्च्या चिकनला हात लागला की साबणाने २० सेकंद धुवायचे, नुसते फडक्याला पुसून पुढे जाऊ देऊ नका. कोणतं सारण कोणतं ते कळायला आकार वेगळा करा, एक अर्धचंद्र एक गोल पुरचुंडी, चिठ्ठ्या लावत बसायला नको.

प्रश्न: उरलेल्याचं काय करू? मागच्या वेळी रात्रभर टेबलावरच राहिलं आणि सकाळी फेकावं लागलं, जीव गेला.

उत्तर: शिजलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, उकाडा असेल तर तासभरच. लोक निघायच्या आधीच डब्यात भरून फ्रिजमध्ये, किंवा सरळ त्यांच्याच हातात द्या, मी तर सगळ्यांना येताना एकेक रिकामा डबा आणायला सांगते. कच्ची डंपलिंग उरली तर ट्रेवर एकमेकांना न चिकटता मांडून फ्रीझरमध्ये, दगडासारखी झाली की पिशवीत भरा. एकदम पिशवीत भरली तर सगळ्यांचा मिळून एकच मोठा गोळा होतो, माझा झालाय. वाफवताना वितळवायची नाहीत, तशीच गोठलेली ठेवायची आणि तीनचार मिनिटं जास्त द्यायची.