दीड एकरातला भाजीपाला गावातल्या शाळांना थेट पुरवला तर परवडेल का?

परवडतं, पण दीड एकराचा सगळा माल शाळांवर खपत नाही. मी जुन्नर तालुक्यात २०२२ पासून पुरवतोय.

आधी हिशोब बघा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरतात, सहावी ते आठवीला ७५. आमच्या शाळेत लहान ८४, मोठी ४०. सगळी हजर असली तरी सव्वासात किलो होत नाही. अर्धं क्रेटसुद्धा नाही! म्हणून मी तीन शाळा आणि एक वसतिगृह धरलंय. उरलेला माल नारायणगावच्या बाजारातच जातो. शहरात बऱ्याच ठिकाणी जेवण एकाच मोठ्या स्वयंपाकघरातून येतं, तिथलं गणित वेगळं.

मुख्याध्यापकांच्या आधी स्वयंपाकाच्या मावशींना भेटा. मी पहिल्याच आठवड्यात हौसेनं कोवळी गवार नेली. मावशी दोन, पोरं सव्वाशे. "भाऊ, उद्या परत आणलीत तर मोडायलाही तुम्हीच बसा," असं ऐकून घेतलं. तेव्हापासून दुधी, कोबी, लाल भोपळा. पालेभाजी फक्त थंडीत, तीही निवडून. पावसाळ्यात मेथी चिखलानं भरते आणि दुपारपर्यंत पिवळी पडते. भोपळा मात्र देठासकट उतरवून सावलीत ठेवला की दोन महिने बघावं लागत नाही. कारलं शाळेसाठी लावूच नका.

लागवड सुट्ट्या बघून करा. दिवाळीत शाळा बंद, भेंडी काही थांबत नाही. रोज तोडावीच लागते. मे महिना तर अख्खाच कोरडा.

भाव सत्राचा एकच ठरवतात, त्यात टोमॅटो घालू नका. जुलै २०२३ ला तो शंभरीपार गेला आणि मी ठरल्या भावानं देत बसलो. शेवटी मावशींनीच आमटीत चिंच घालायला सुरुवात केली, माझी सुटका झाली.

पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील असं धरू नका. एका शाळेचं बिल तीन महिने अडकलं होतं. निधीच आला नव्हता, सर तरी काय करणार? वही ठेवा आणि वजनापुढे रोज सही घ्या.

तुमच्या आसपासच्या शाळांचा पट किती ते कळवा, मग किती गुंठे गुंतवायचे ते सांगतो.