सीए झालो आहे, स्वभाव अबोल आहे. इक्विटी रिसर्चमध्ये जाऊ की इक्विटी सेल्समध्ये?

तुम्ही लिहिलंय की सांगलीचे आहात, सीए झालात, दोन वर्षं ऑडिट केलंत, बाजाराची आवड आहे. फार बोलायला जमत नाही म्हणून सेल्स नको, रिसर्च बरं, असा तुमचा कल दिसतो. रिसर्चमध्ये जरूर या. पण ‘बोलावं लागत नाही’ या कारणासाठी येऊ नका.

मी मुंबईत एका ब्रोकिंग हाऊसमध्ये नऊ वर्षं रिसर्च करतोय. रिसर्च म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून त्यांचा शेअर घ्यावा की विकावा ते सांगणं; सेल्स म्हणजे ते मत मोठ्या फंडांपर्यंत पोचवणं. खतं, कीटकनाशकं, बियाणं या कंपन्या माझ्याकडे असतात. पहिली दोन वर्षं एक्सेलमध्ये मान घालून जातात, ते खरं आहे. पुढे मात्र निम्मा दिवस फोनवर जातो.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. आमच्याकडे रिसर्चचं वेगळं बिल सहसा फाडलं जात नाही. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड आमच्यामार्फत शेअर घेतात-विकतात, त्यावर दलाली मिळते आणि त्यातून सगळ्यांचे पगार निघतात. कोणत्या ब्रोकरचा उपयोग झाला यावर मोठे फंड ठरावीक काळाने मतं देतात आणि त्यानुसार धंदा वाटला जातो. फंड मॅनेजरला तुमची नोट, म्हणजे कंपनीवरचा छोटा रिपोर्ट, आवडली, पण तुम्ही त्याचा फोन घेतला नाही, तर मत दुसरीकडे जातं. युरोपात 2018 मध्ये नियमाने रिसर्चचे पैसे दलालीपासून वेगळे केले, तेव्हा फंडांनी रिसर्चवरच्या खर्चात हात आखडता घेतला होता.

आता निकालाचा एक दिवस सांगतो. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत कंपनीला निकाल द्यावे लागतात, वर्षअखेरीला 60. त्यामुळे सप्टेंबर तिमाहीचे निकाल नेमके दिवाळीच्या आगेमागे येतात. संध्याकाळी साडेसातला एक्सचेंजच्या साइटवर पीडीएफ पडतं, बऱ्याचदा तिरकं स्कॅन केलेलं. नफा 22 टक्के वाढलेला दिसतो. तुम्ही आधी इतर उत्पन्न बघता, मग कराचा दर, मग तळाच्या बारीक टिपा. पाचव्या टिपेत जमीन विकल्याचा नफा सापडतो. तो काढला की वाढ उरते 4 टक्के. रात्री बारापर्यंत मॉडेल (एक्सेलमधला पुढच्या कमाईचा अंदाज) आणि नोट. सकाळी आठच्या मीटिंगमध्ये हे सगळं सेल्सच्या लोकांना दोन मिनिटांत सांगायचं, कारण सव्वानऊला बाजार उघडायच्या आत त्यांना क्लायंटना फोन लावायचे असतात. ऑडिट केलेल्या माणसाला टिपा वाचायची सवय असते. तुमचं भांडवल तेच आहे.

आणि तेवढ्याने भागत नाही, हे मी ठेच लागून शिकलो. एका कीटकनाशक कंपनीवर माझं ‘बाय’, म्हणजे ‘शेअर घ्या’ असं मत होतं. जून तिमाहीत विक्री भरघोस वाढली, मी टार्गेट प्राइस, म्हणजे शेअर कुठवर जाईल तो आकडा, वाढवली. जून तिमाहीच्या निकालाबरोबर ताळेबंद येत नाही, तो सप्टेंबरला आणि मार्चला येतो. त्यामुळे माल उधारीवर गेलाय का, हे कागदावर दिसायला नोव्हेंबर उजाडला. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली होती, फवारण्या झाल्याच नव्हत्या आणि येणी, म्हणजे उधारीची वसूल न झालेली रक्कम, फुगली होती. शेअर एका दिवसात 17 टक्के पडला. आमच्या सेल्समधली एक वरिष्ठ सहकारी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “फंडांचा फोन यायच्या आत आपण करायचा. आधी चूक सांग, मग कारण.” त्या दिवशी तिने अकरा फोन लावले आणि प्रत्येकावर मला बोलायला लावलं. कोणत्या फंडाला किती नुकसान झालंय, कोणाला आकडे हवेत आणि कोणाला फक्त पुढे काय ते हवंय, हे तिला तोंडपाठ होतं. सेल्स म्हणजे गोड बोलणं असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. पंचवीस-तीस कंपन्यांचं सार डोक्यात ठेवून समोरच्याच्या कामाचं नेमकं तेवढं सांगणं, हे फार अवघड काम आहे. तेजीत तिथे पैसाही लवकर दिसतो, मंदीत लवकर आटतो.

तेव्हापासून दर जुलै-ऑगस्टमध्ये मी कृषी सेवा केंद्रं फिरतो. निफाडच्या एका दुकानात मागच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. दुकानदार म्हणाले, “कंपनीचा माणूस टार्गेटसाठी टाकून गेला. खपला नाही तर परत नेणार.” कंपनीच्या पुस्तकात तीच खोकी विक्री म्हणून नोंदलेली. हे कॉनकॉलवर, म्हणजे निकालानंतर कंपनी फोनवर प्रश्नांना उत्तरं देते तिथे, कोणी सांगत नाही. दुकानदारही अनोळखी माणसाला लगेच सांगत नाहीत, पण मराठीत बसून चहा घेतला की सांगतात. ‘इंग्रजी अडखळतं’ असं तुम्ही लिहिलंय. ते सरावाने सुटतं. दुकानदाराशी असं बोलणं मुंबईत वाढलेल्या कित्येकांना येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. बाजाराची नियंत्रक सेबी, तिचे रिसर्च अ‍ॅनालिस्टसाठीचे नियम 2014 चे आहेत, त्याखाली एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज 15 परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) असेल तर चांगलंच, पण सीएवर काम भागतं. स्वतः शेअर घेण्याची हौस असेल तर हे माहीत असू द्या: ज्या कंपनीवर रिपोर्ट काढाल, तिच्या शेअरमध्ये रिपोर्टआधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस व्यवहार करता येत नाही. बरीच हाऊसेस याहून कडक असतात.

तर तुम्ही रिसर्चमधूनच सुरुवात करा. तीन-चार वर्षांनी सेल्समध्ये जाता येतं, बरेच जण जातात. उलटा रस्ता मी क्वचितच पाहिलाय. नुसता रेझ्युमे पाठवू नका. तासगाव, पलूसची द्राक्षं तुमच्या दारात आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर दहा दुकानं फिरा, कोणाचा माल हलतोय, कोणाचा पडून आहे, उधारी किती दिवसांची, ते तारखेसह लिहून काढा. मग एक लिस्टेड कंपनी घ्या, तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा आणि चार पानांची नोट लिहा. शेवटचं पान ‘माझं कुठे चुकू शकतं’ यावर ठेवा. मुलाखतीला माणूस आला की मी तेच पान आधी उघडतो.