एका वेळी एकच

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. लॅपटॉप बंद पडलाय, पुस्तक अर्ध्यावर आहे, बघायच्या सिनेमांची यादी दीडशेच्या पुढं गेलीय आणि नान्नजला पक्षी बघायला जायचं दर रविवारी राहतंय. शेवटी विचारलंयस, "काका, यातलं काय धरू आणि काय सोडू?"

काहीच सोडू नकोस. प्रश्न चुकलाय. छंद चार असले म्हणून माणूस गोंधळत नाही. एकाच संध्याकाळी तू चार गोष्टी बदलल्यास म्हणून गोंधळलास. नवी रॅम, नवी एसएसडी (साठवणीची डिस्क), प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावायची नवी पेस्ट आणि वर विंडोजऐवजी नवी लिनक्स. आता पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आहे आणि दोष कुणाचा ते तुलाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल. या पत्रात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलास तरी.

आधी लॅपटॉप, कारण तो टेबलावर उघडा पडलाय आणि तुझी आई त्यावर फडकं मारायच्या आत आवरायला हवा.

लक्षण नीट बघ. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काही येत नाही, तर पहिला संशय रॅमवर. सुरू होऊन दहा-पंधरा सेकंदांत बंद पडत असेल तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा तुकडा, प्रोसेसरवर सपाट बसलेला नाही. कंपनीचं नाव दिसून पुढं 'बूट डिव्हाइस नाही' असं येत असेल तर एसएसडी तरी सैल आहे, नाहीतर बायोसमधला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला, मोड चुकलाय. लिनक्सचा पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीनं बनवला आणि बायोस लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर, असला की हेच होतं. तुझं लक्षण पहिलं आहे. म्हणजे लिनक्सचा यात काही संबंध नाही आणि तिचा पेनड्राइव्ह तीन वेळा पुन्हा बनवायची काही गरज नव्हती.

चार्जर काढ. आतल्या बॅटरीचं कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीनं सोडव, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं नको. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर. मग नवी रॅम काढ आणि जुनी चार जीबीची एकटीच पहिल्या स्लॉटमध्ये बसव. तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' वाजल्या पाहिजेत. बाकी कशाला हात लावू नकोस. एसएसडी आहे तशी राहू दे, पेस्ट राहू दे. बॅटरी जोड, चालू कर आणि एक मिनिट थांब. रॅम बदलली की काही मशिनी पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतात.

स्क्रीन आली तर नव्या रॅमचं लेबल वाच. पीसी३ लिहिलंय की पीसी३एल? पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. तुझा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे, त्या लॅपटॉपांना १.३५ वालीच लागते. दुकानदारानं 'डीडीआर३ आहे ना, मग झालं' म्हणून दिली असेल. त्याला दोष देऊ नकोस, 'एल' बघायचं काम तुझं होतं. स्क्रीन आली नाही तर जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसून त्याच स्लॉटमध्ये लाव, तरीही नाही आली तर मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. तेवढंच. रॅमही बदलली आणि स्लॉटही बदलला असं एका फेरीत केलंस तर पुन्हा आज आहेस तिथंच येशील.

तो चालू झाला की एसएसडी तपास, आणि जुनी हार्डडिस्क फेकायच्या आधी तिचे स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघ. ५ आणि १९७ या क्रमांकांसमोर शून्याशिवाय काही असेल तर डिस्क खरंच संपत आलीय. पण फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क बरी असते, दोष केबलचा किंवा जोडाचा. चांगल्या डिस्का या एका आकड्यापायी भंगारात जातात. लोक डिस्क आणि केबल दोन्ही एकदम बदलतात, मशीन चालू होतं आणि 'डिस्क गेली होती' असं आयुष्यभर सांगत फिरतात.

पेस्ट. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसून मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी ठेवायची, बोटानं पसरायची नाही. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमानं प्रत्येकाला थोडे थोडे आटे देत आवळायचं. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की दुसरी बाजू उचलते. पंख्याच्या तोंडाशी तुला करड्या रंगाची, नमद्यासारखी पट्टी सापडली असेल. तुमच्या गल्लीत माग आहेत, सुताची तूस घरभर उडते, ती तिथं येऊन बसते. पट्टी चिमट्यानं उचल, आणि ब्लोअर मारताना पात्यात दात कोरायची काडी अडकव. नाहीतर पंखा वाऱ्यानं गरगरा फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

आता ज्या चुकीवर मला सगळ्यात जास्त राग येतो ती. मागं एकदा पेस्ट बदलून 'तापमान पंधरा डिग्रीनं उतरलं' असं तू लिहिलं होतंस. आधीचं कधी मोजलंस? मे महिन्यात. नंतरचं? जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात. अरे, मेमध्ये तुझ्या खोलीत एकेचाळीस होतं, जानेवारीत चोवीस. सतरा डिग्री तर सोलापूरनंच उतरवली! पेस्टनं काय केलं? हवामान हाही बदलच आहे, तो तू केला नसलास तरी. म्हणून प्रोसेसरचं तापमान नुसतं लिहायचं नाही, त्यातून खोलीचं वजा करून उरलेला फरक लिहायचा. तोच व्हिडिओ वीस मिनिटं, चार्जर लावून, त्याच टेबलावर. पलंगावर तर अजिबात नको, सोलापुरी चादर खालच्या जाळीला अशी चिकटते की मशीन गुदमरतं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुझ्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून लिनक्सकडं जाणं बरोबरच. पण आधी जुन्या रॅमवर मशीन चालू कर, मग नवी एसएसडी, दोन दिवस वापर, मग लिनक्स, पुन्हा दोन दिवस, आणि पीसी३एल वाली मिळाली की शेवटी रॅम. आठवडा जाईल. जाऊ दे.

तुला वाटेल, हे मशीनचं झालं, सिनेमा-पुस्तकांचं काय? तेच. दीडशेची यादी फाड म्हणत नाही, पण त्यातला एक सिनेमा निवड आणि त्यातली दहाच मिनिटं तीनदा बघ. एकदा जसा आहे तसा. एकदा आवाज बंद करून. एकदा स्क्रीनकडं पाठ करून, नुसता ऐकून. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कटला कागदावर एक रेघ मार. सहाशे सेकंदांना रेघांच्या संख्येनं भागलं की एक शॉट सरासरी किती सेकंद टिकतो ते कळतं. मारामारीत हा आकडा खाली येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन माणसं नुसती जेवत असतानाही तो खाली आला तर तिथं थांब आणि का ते शोध. सिनेमा, वेळ आणि खुर्ची तीच ठेवून फक्त आवाज काढला म्हणून हे दिसतं. दीडशे सिनेमे एकेकदा बघून दिसत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

सबटायटल पुढं-मागं होतात म्हणून तू तीन फाइली उतरवल्यास, तीही तीच खोड. आधी बघ, चूक पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखीच आहे का. सारखी असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ५०-५० मिलिसेकंद सरकवत आण. वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग जुळत नाही. सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या सिनेमाला २५ ची फाइल लावली की शंभर मिनिटांत चार मिनिटांची तफावत पडते. ती सरकवून जात नाही, वेग बदलूनच जाते. मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा कचरा दिसला तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन कर.

पुस्तकांचं थोडक्यात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून तू रोज जातोस. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. या एका घटनेवरची तीन पुस्तकं वाचनालयातून आण, एकदम नव्हे, एकामागून एक. घटना तीच, बदलणारा फक्त लिहिणारा. वहीत तीन रकाने आख: तारीख, आकडे, आणि 'हे यानं स्वतः पाहिलं की ऐकलं'. तिसऱ्या रकान्यापाशी आलास की अर्धं सोडलेलं पुस्तकही पुन्हा उघडशील.

आणि भटकंती. दुर्बीण घेऊ, मोठी लेन्स घेऊ, मग भिगवण, नळदुर्ग, मयूरेश्वर... थांब. नान्नज बार्शी रस्त्यावर, गाडीनं पाऊण तास. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नकोस, तो आता जवळपास उरलेला नाही. काळवीट दिसतील, पक्ष्यांत कापशी, चंडोल, नशीब असेल तर धाविक. हिवाळ्यात माळावरून खालून-खालून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. वनखात्याची परवानगी काढून रस्त्याच्या एकाच ठिकाणी सकाळी साडेसहा ते सव्वासात उभं राहायचं. महिन्यातून एकदा, वर्षभर, तीच जागा, तोच पाऊण तास, तीच दुर्बीण. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पटीची, घे. १० पटीची हातात थरथरते आणि उडता पक्षी तिच्यात सापडत नाही. पाऊस संपला की कुसळं मोज्यात शिरतात, म्हणून पायघोळ पँट बुटात खोचून जा. नळाला पाणी यायचा दिवस टाळूनच तारीख ठरव. नळ सोडून माळावर गेलास तर घरचे पुढच्या वेळी सोडणार नाहीत.

'सारखं तिथंच जाऊन काय बघायचं' असं तुझे दोस्त म्हणतील. मलाही म्हणतात. याला नवं काही नको असतं, हा एकाच तळ्यावर म्हातारा झाला, असंही म्हणतात. म्हणू देत. माझ्या पहिल्या पंधरा वर्षांच्या वह्या आहेत, दर पानावर वेगळी जागा, वेगळी वेळ, वेगळा चष्मा. पक्ष्यांची नावं भरपूर, पण यंदा कमी आले की जास्त, उशिरा आले की लवकर, याचं एकही उत्तर त्यातून निघत नाही. ती वर्षं परत मिळत नाहीत. नंतरच्या वह्या किरकोळ दिसतात, पण बोलतात. हट्टी म्हण हवं तर. मी हट्टी आहेच.

एक काम मात्र लगेच करण्यासारखं आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी ओळीचा शिलालेख आहे. अभ्यासक आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला. त्याचा फोटो काढायला तू गेलास आणि फ्लॅश मारून आलास, म्हणून सपाट दगड आला. समोरून उजेड पडला की अक्षरांच्या खाचेत सावली राहत नाही. मोबाइल तिपाईवर घट्ट लाव. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद कर, नाहीतर कॅमेरा दर वेळी स्वतःच आपली अक्कल चालवतो. काही सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. मग टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात, डावीकडून एक फोटो. उजवीकडून एक. वरून, खालून. चार फोटो, कॅमेरा केसभरही हललेला नाही, बदलला फक्त उजेड. डावीकडच्या उजेडात उभ्या काना-वेलांट्या उठतात, वरच्या उजेडात आडव्या रेघा. खरा कोरलेला भाग कुठला आणि दगडाचा टवका कुठला, ते चार फोटो एकामागून एक झपाझप फिरवले की दिसतं, कारण टवक्याची सावली वेडीवाकडी पळते, कोरीव रेघेची शिस्तीत सरकते. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, पाणी, तेल काही लावायचं नाही. कुणी लावताना दिसला तर हात धर त्याचा.

रविवारी दुपारी घरी ये. लॅपटॉप पिशवीत नको, खोक्यात आण. स्क्रू पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आराखडा काढून जिथले तिथं टोचून ठेव. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरची बाजू फोडून बाहेर येतो. जुनी चार जीबीची रॅम आठवणीनं घे. नवी घरीच राहू दे.

तुझा,
काका